छतातल्या दिव्याचं भोक नेमकं कडीवरच का येतं, आणि ते कसं टाळायचं

नऊ दिव्यांची आखणी कागदावर सुरेख जमलेली असते: तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन दिवे, समोरासमोरच्या भिंतींपासून सारखं अंतर. खुणा छतावर उतरतात. पहिलं भोक नीट पडतं. दुसऱ्या ठिकाणी छताचा जिप्सम बोर्ड कापून झाल्यावर होल सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत, अडखळते आणि पांढऱ्या भुकटीऐवजी लाकडाचा भुसा गळू लागतो. वर कडी आहे. मग तेवढा एक दिवा दहा-बारा सेंटिमीटर बाजूला घेतला जातो. पुढे आणखी एक अडतो, तोही सरकतो. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा ओळ वाकडी दिसते. पुढच्या खोलीत पुन्हा हाच प्रकार.

हा दोष मी बऱ्याच छतांत पाहिला आहे आणि सुरुवातीच्या काळात तो माझ्या हातूनही झाला आहे. पहिल्या मोठ्या खोलीत मी एकच दिवा ११ सेंटिमीटर सरकवला होता. बाकीचे आठ दिवे अचूक होते, पण खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाची नजर त्या नवव्यावर जायची. तेव्हा वाटलं, मोजण्यात चूक झाली. मोजमाप बरोबर होतं, क्रम चुकला होता. आधी भिंती मोजून दिवे आखायचे आणि कड्या भोक पाडताना शोधायच्या, हा क्रमच उलटा आहे.

कडी म्हणजे कडीपाटाच्या छतातली कडी, जिला हल्ली सगळे जॉइस्ट म्हणतात: वरच्या मजल्याचा किंवा माळ्याचा भार पेलणारी, ठरावीक अंतराने टाकलेली आडवी लाकडं. दोन कड्यांमधल्या मोकळ्या जागेला मी पुढे गाळा म्हणणार आहे. ज्यांच्या छतात लाकूड नाही, धातूच्या सेक्शनच्या, म्हणजे पत्र्याच्या लांब पट्ट्यांच्या, सांगाड्यावर जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग आहे, त्यांनाही आखणीची पद्धत तशीच्या तशी लागू होते. फक्त कडीच्या जागी सेक्शन समजा आणि अंतरं आपल्या छतातली घ्या.

हे नशिबाचं काम नाही

आधी हे आकडे बघा, म्हणजे हा दोष पुन्हा पुन्हा का येतो ते लक्षात येईल.

अमेरिकी पद्धतीच्या लाकडी छतात कड्या बहुधा १६ इंचांवर, म्हणजे एका कडीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ४०६ मिमी अंतरावर असतात. कडीची जाडी ३८ मिमी. म्हणजे गाळा ३६८ मिमी रुंद. आता १५० मिमी कटआउटचा, म्हणजे छतात तेवढ्या व्यासाचं भोक लागणारा, दिवा घ्या. त्याची त्रिज्या ७५ मिमी. बाजूच्या स्प्रिंग क्लिपा उघडायला आणि हात फिरायला मी आणखी २५ मिमी सोडतो. म्हणजे भोकाचा मध्य कडीच्या कडेपासून किमान १०० मिमी दूर हवा. गाळ्याच्या दोन्ही बाजूंनी १००-१०० वजा केले की उरतात १६८ मिमी. दर ४०६ मिमीमध्ये भोकाचा मध्य ठेवायला एवढीच मोकळी जागा. टक्केवारीत सांगायचं तर ४१.

म्हणजे कड्यांचा विचार न करता कुठेही टाकलेली ओळ जमण्याची शक्यता निम्म्याहून कमी आहे. तीन ओळी एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर तिन्ही जमण्याची शक्यता साधारण ७ टक्के. दर चौदा खोल्यांमागे एक! मग भोक ‘दर वेळी’ कडीवर येतं असं वाटलं तर त्यात नवल नाही.

हेच गणित १०० मिमी कटआउटसाठी केलं तर मोकळा पट्टा २१८ मिमी होतो, म्हणजे ५४ टक्के. कड्या २४ इंचांवर, ६१० मिमीवर असतील तर मोठ्या दिव्यालाही ३७२ मिमी मिळतात. त्यामुळे दिवा विकत घेण्याआधी कड्यांचं अंतर माहीत असणं फार उपयोगी पडतं. बरेच जण दिवे आधी आणतात आणि मग त्या दिव्यांसाठी छताशी झगडत बसतात.

एका दिशेला बंधन, दुसऱ्या दिशेला मोकळीक

या विषयात मला एकच गोष्ट सांगायची मुभा असेल तर ही सांगेन: कड्यांना आडव्या दिशेने दिवे कुठे येतील ते कड्या ठरवतात, कड्यांच्या लांबीच्या दिशेने ते तुम्ही ठरवता.

एकाच गाळ्यात राहून दिवा पुढे-मागे कितीही सरकवता येतो, तिथे कडी आड येत नाही. म्हणून आखणी दोन भागांत करायची. आधी आडवी दिशा सोडवायची, कारण अवघड तीच आहे. कुठल्या गाळ्यांत ओळी जातील ते पक्कं करायचं. मग त्या प्रत्येक गाळ्यात लांबीच्या दिशेने दिवे हवे तसे, अगदी मिलिमीटरपर्यंत बरोबर वाटून टाकायचे.

आणि एखादी ओळ सरकवायची वेळ आलीच तर सबंध ओळ सरकवायची, एकटा दिवा कधीच नाही. समोरासमोरच्या भिंतींपासूनच्या अंतरात सात-आठ सेंटिमीटरचा फरक मोठ्या खोलीत सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ओळीतून दोन सेंटिमीटर बाहेर पडलेला दिवा मात्र दारातूनच दिसतो. डोळा अंतर मोजत नाही, रेघ पाहतो.

कड्या खरोखर कुठे आहेत

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं, म्हणून यावर अर्धा दिवस गेला तरी चालेल.

कड्या बहुधा खोलीच्या आखूड बाजूला समांतर टाकलेल्या असतात, कारण कमी लांबीचं लाकूड पुरतं. पण हा फक्त पहिला अंदाज. माळ्यावर जाता येत असेल तर सरळ वर जाऊन बघा, त्याला तोड नाही. वर लाकडी फळ्यांची जमीन असेल तर फळ्यांवरच्या खिळ्यांच्या रांगा बघा. फळ्या कड्यांना आडव्या ठोकलेल्या असतात, त्यामुळे खिळ्यांची प्रत्येक रांग म्हणजे खाली एक कडी.

खालूनच शोधायचं असेल तर लहानसं पण जोरदार लोहचुंबक दोऱ्याला बांधून छतालगत हळूहळू फिरवा. बोर्डाचे स्क्रू जिथे असतील तिथे ते ओढलं जातं. तिथे पेन्सिलने टिंब करा. तीन-चार टिंबं एका रेघेत आली की कडी सापडली. रात्री खोलीतले दिवे बंद करून टॉर्च छताला जवळजवळ चिकटवून तिरपा धरला तर पुट्टीखालचे स्क्रू बारीक उंचवट्यांसारखे दिसतात. ही युक्ती फुकट आहे आणि मला ती यंत्रापेक्षा जास्त वेळा उपयोगी पडली आहे.

स्टड फाइंडर, म्हणजे बोर्डामागचं लाकूड सापडलं की वाजणारं यंत्र, वापरत असाल तर एकाच बाजूने फिरवू नका. डावीकडून उजवीकडे नेताना जिथे वाजला ती एक कड, उजवीकडून डावीकडे येताना जिथे वाजला ती दुसरी. दोन खुणांमध्ये ३८ मिमीच्या आसपास अंतर आलं तर ती कडी म्हणायची. १०-१५ मिमीच आलं तर पाइप किंवा वायर असेल. ७५-८० मिमी आलं तर जोडकडी असेल, म्हणजे दोन कड्या एकमेकींना भिडवून ठोकलेल्या. जिन्याच्या तोंडाजवळ आणि वर जड बांधकाम असलेल्या ठिकाणी अशा जोडकड्या असतात.

जुन्या छतात लाकडी पट्ट्यांवर किंवा जाळीवर गिलावा केलेला असेल तर मात्र दोन्ही साधनं फसवतात. प्रत्येक पट्टीवर खिळे असल्यामुळे लोहचुंबक सगळीकडेच चिकटतं. धातूची जाळी असेल तर स्टड फाइंडर सलग वाजत राहतो. अशा छतात मी एखाद्या दिव्याच्या ठरलेल्या जागीच लहानसं भोक पाडून एंडोस्कोप कॅमेरा (बारीक नळीच्या टोकावरचा कॅमेरा) आत घालतो आणि दोन्ही बाजूंच्या कड्यांपर्यंतचं अंतर बघून घेतो. जुन्या गिलाव्यात किंवा खरबरीत लेप दिलेल्या छतात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. शंका असेल तर आधी तपासून घ्या आणि मगच ड्रिल लावा.

अंतर सारखंच असेल असं धरून चालू नका. एक गाळा मोजला, ४०६ आला, पुढे सगळे ४०६ चे गुणाकार मांडले, असं करणाऱ्यांचं शेवटच्या भिंतीजवळ हमखास चुकतं. सुतार एका टोकापासून कड्या मांडत जातो, शेवटचा गाळा उरेल तेवढा असतो. जुन्या घरांत तर मधले गाळेही कमीजास्त निघतात. प्रत्येक कडी वेगळी मोजा, आणि दर वेळी एकाच भिंतीपासून मोजा. एका कडीपासून पुढची, तिच्यापासून त्यापुढची असं मोजत गेलात तर बारीक चुका साठत जातात.

शिवाय कडी भिंतीला समांतर आहे ना, हे बघायला तीच कडी खोलीच्या दोन्ही टोकांना मोजा. एका टोकाला ७०६ आणि दुसऱ्या टोकाला ७३६ असेल तर ओळीसाठीचा मोकळा पट्टा तेवढ्या ३० मिमीने कमी झाला असं धरायचं.

कागदाची फीत

आता ज्या पद्धतीमुळे माझी वाकड्या ओळींतून सुटका झाली ती सांगतो. त्यासाठी संगणक लागत नाही. खोलीच्या आडव्या मापाइतकी लांब, पातळ कागदाची फीत लागते. बटर पेपरचा गुंडाळा असेल तर उत्तम.

फीत जमिनीवर पसरा. डावं टोक म्हणजे डावी भिंत. मोजलेल्या सगळ्या कड्या फितीवर त्यांच्या खऱ्या जागी काढा. मग प्रत्येक कडीच्या दोन्ही कडांपासून पुढे दिव्याची त्रिज्या अधिक २५ मिमी एवढा भाग जाड मार्करने काळा करा. उरलेले पांढरे पट्टे म्हणजे भोकाचा मध्य जिथे येऊ शकतो त्या जागा.

आता फीत बरोबर मधोमध दुमडा, दोन्ही भिंतींची टोकं एकमेकांवर आणा आणि प्रकाशासमोर धरा. जिथे दोन्ही थर पांढरे आहेत तिथून उजेड येईल. त्या जागा डाव्या आणि उजव्या दोन्ही भिंतींपासून सारख्या अंतरावर आहेत आणि दोन्हीकडे कडीपासून सुरक्षित आहेत. सममित ओळी फक्त तिथेच बसू शकतात, दुसरीकडे कुठेही नाही.

एक उदाहरण घेऊ. खोली कड्यांना आडव्या दिशेने ४२०० मिमी, लांबीच्या दिशेने ३६०० मिमी. पहिल्या कडीचा मध्य डाव्या भिंतीपासून ३०० मिमीवर, पुढे दर ४०६ मिमीला एक: ७०६, १११२, १५१८, १९२४, २३३०, २७३६, ३१४२, ३५४८, ३९५४. दिवे १५० मिमी कटआउटचे.

पुस्तकी आखणी अशी: तीन ओळी, दोन ओळींत १४०० मिमी, भिंतीपासून त्याच्या निम्मे ७००. म्हणजे ७००, २१०० आणि ३५००. यातली पहिली ओळ जवळजवळ कडीच्या मध्यावर आहे. तिसरी कडीच्या कडेपासून जेमतेम २९ मिमीवर, म्हणजे भोक कडीला कापणारच. मधली तेवढी सुटते. नऊपैकी सहा भोकं लाकडावर.

फितीवर काय दिसतं? ८२५ ते ९९३ पांढरा पट्टा आहे, समोर ३२६१ ते ३४२९. दुमडल्यावर हे दोन एकमेकांवर येतात आणि मध्यापासून ११६१ ते १२७५ मिमीच्या दरम्यान उजेड दिसतो. मधोमध २०४३ ते २२११ चा पट्टा आहेच, त्यात २१०० बसतो. मग मध्यापासून १२०० धरा: ओळी येतात ९००, २१०० आणि ३३०० वर. दोन्ही भिंतींपासून ९००, ओळींत १२००. एकही भोक कडीवर नाही. लांबीच्या दिशेने कसलंच बंधन नाही, तिथे ६००, १८००, ३००० ठेवा. दोन्ही दिशांना दिव्यांत १२०० मिमी, म्हणजे चक्क चौरस जाळी मिळाली.

याच फितीवर दुसरा पर्यायही दिसतो: मध्यापासून १५६७ ते १६८१. मध्यापासून १६०० धरलं तर ओळी ५००, २१०० आणि ३७०० वर येतात. भिंती जास्त उजळतात. दोन्ही बाजूंना पुस्तकांची कपाटं किंवा चित्रं असतील तर मी हाच घेईन. नुसती बसायची खोली असेल तर पहिला, कारण भिंतीच्या फार जवळच्या दिव्याने भिंतीवर उजेडाच्या कमानी पडतात आणि रंगाचा प्रत्येक उंचवटा दिसतो.

खोलीचा मध्य जर नेमका कडीवर येत असेल तर तीन किंवा पाच ओळींचा हट्ट सोडा. मधली ओळ बसणारच नाही. दोन किंवा चार ओळी घ्या. उलट मध्य गाळ्याच्या मधोमध असेल तर विषम ओळी सहज बसतात. आणि दुमडल्यावर कुठेच उजेड दिसला नाही तर लहान दिवा घेऊन बघा. पांढरा पट्टा कड्यांच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त असला आणि कड्या सारख्या अंतरावर असल्या, तर तो दुमडल्यावर कुठे ना कुठे जुळतोच. ४०६ च्या अंतराला १०० मिमीच्या दिव्याचा पट्टा २१८ मिमी, म्हणजे निम्म्याहून जास्त. म्हणून अशा छतात मी लहान दिव्यांकडे झुकतो. संख्या थोडी वाढली तरी चालते.

ओळी हलवल्याने उजेड कमी पडेल का?

ही भीती सगळ्यांना वाटते, आणि ती तपासायला साधं गणित पुरतं. छताच्या उंचीच्या साधारण निम्मं अंतर दोन दिव्यांत, हा रूढ नियम आहे. २.७ मीटर उंचीला १.३५ मीटर. पण तो फक्त सुरुवातीचा अंदाज, कारण दिव्याचा झोत किती रुंद आहे हे तो विचारात घेत नाही. टेबलाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून ०.८ मीटरवर, ६० अंशांच्या झोताचं वर्तुळ सुमारे २.२ मीटर व्यासाचं पडतं. १.२ काय आणि १.६ काय, दोन्ही अंतरांत ही वर्तुळं एकमेकांत मिसळतात. झोत ३६ अंशांचा असेल तर वर्तुळ १.२ मीटरच्या आसपास येतं, तिथे १.६ वर मध्ये अंधारे पट्टे राहतील. त्यामुळे ओळ दहा-वीस सेंटिमीटर हलवल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते झोताचा कोन न पाहता दिवा घेतल्याने.

कापण्याआधी तारेची परीक्षा

फीत बरोबर असली तरी फितीवर न दिसणाऱ्या गोष्टी गाळ्यात असतात: कड्यांमध्ये आडवे ठोकलेले ठोकळे, पाइप, डक्ट (हवा नेणाऱ्या रुंद नळ्या), जुन्या वायरी. काही छतांत कड्यांच्या खाली आडव्या रिपा मारून मग बोर्ड लावलेला असतो. असं असेल तर लांबीच्या दिशेची मोकळीकही जाते आणि त्या दिशेसाठी दुसरी फीत करावी लागते.

म्हणून मोठं भोक पाडण्याआधी प्रत्येक खुणेच्या मध्यावर ६ मिमीचं भोक पाडा. सर्किट मेन स्विचवरून बंद असू द्या, ड्रिलची टोकं आत फार खोल जाऊ देऊ नका. जाड तार काटकोनात वाकवा, वाकवलेला भाग त्रिज्या अधिक २५ मिमी, म्हणजे आपल्या उदाहरणात १०० मिमी. तार आत सरकवून पूर्ण वर्तुळात फिरवा. कुठेही न अडता फिरली तर जागा मोकळी. अडली तर कुठल्या बाजूला अडली ते तारेच्या बाहेरच्या टोकावरून कळतं. उंचीही अशीच तपासा, कारण वर डक्ट असेल तर खोल डब्याचा दिवा बसणार नाही, तिथे पातळ दिवा लागेल.

आणि हे सगळ्या नऊ जागी करा, एकही भोक कापायच्या आधी. एक तपासलं, एक कापलं असं करत गेलात तर आठव्या जागी अडचण निघेल तेव्हा सबंध ओळ सरकवायची सोय राहिलेली नसेल. ६ मिमीचं भोक पुट्टीने दहा मिनिटांत बुजतं.

पातळ एलईडी दिवे कडीच्या खालीही बसतात, असा एक समज सर्रास ऐकू येतो. बहुतेक दिव्यांच्या बाबतीत तो चुकीचा आहे. बोर्ड १२.५ मिमी जाड असतो, दिव्याचं अंग बोर्डाच्या वर थोडं तरी येतं आणि बसवताना क्लिपा वर उभ्या कराव्या लागतात. त्यांना जागा लागतेच. पातळ दिव्याचा खरा फायदा असा की ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज पुरवणारी, डबी वेगळी असते आणि ती गाळ्यात बाजूला सरकवता येते.

भोक आधीच पडलं असेल तर

कापलेली चकती टाकली नसेल तर जपून ठेवा. भोकापेक्षा लांब दोन लाकडी रिपा आत सरकवा, बोर्डातून स्क्रू मारून त्या आवळा, चकती त्यांवर स्क्रूने बसवा, सांध्यावर जाळीची टेप आणि जॉइंट कंपाउंडचे दोन-तीन पातळ हात द्या, मध्ये घासून घ्या. रंग सबंध छताला द्यावा लागेल, नुसता ठिपका रंगवला तर तो दिसत राहतो. चकतीचा अर्धा भाग कडीवर येत असेल तर त्या बाजूला रीप नको, कडीतच स्क्रू जातो.

भोक कडीला फक्त चाटून गेलं असेल, तीस-चाळीस मिमीचाच प्रश्न असेल, तर भोक कडीपासून दूर वाढवून रुंद रिंगचा दिवा बसवता येतो. पण मग त्या ओळीतले सगळे दिवे तेवढेच सरकवा आणि सगळ्यांना तीच रिंग घ्या. काहीच जमत नसेल तर बाहेरून बसणारा चपटा सरफेस दिवा कडीच्या खाली नीट बसतो. सबंध खोलीत तसेच लावले तर तडजोड केल्यासारखं दिसत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका: कडी कापू नका, खालून खरवडूही नका. ‘जरासं छिललं तर काय होतं’ असं कामावर सहज म्हटलं जातं. कडीवर भार आला की तिची खालची कड ताणली जाते, आणि हा ताण मधल्या भागात सर्वांत जास्त असतो. दिव्याचं भोक नेमकं तीच कड खातं. इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड या बांधकाम संहितेत अखंड लाकडी कडीच्या मधल्या एक-तृतीयांश लांबीत खाच पाडायला मनाई आहे. इतरत्रही, कडीची टोकं सोडली तर, खाचेची खोली कडीच्या उंचीच्या एक-षष्ठांशापर्यंतच चालते. वायरीसाठीचं भोक उंचीच्या एक-तृतीयांशाहून मोठं नको आणि वरच्या-खालच्या कडेपासून किमान ५१ मिमी दूर हवं. इंग्रजी आय अक्षराच्या आकाराच्या तयार कड्या आणि ट्रस (त्रिकोणांत जोडलेल्या लाकडांच्या कैच्या) यांच्या खालच्या पट्टीला तर हातच लावायचा नाही. कुणी आधीच कडी कापून ठेवली असेल तर दिव्याचं काम थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

धातूच्या फॉल्स सीलिंगमध्ये सेक्शन मजल्याचा भार पेलत नाही, पण बोर्डाचा पेलतो. तो कापला तर बोर्ड तिथे झोल खातो आणि सांध्यांना तडे जातात. बोर्ड अजून लागला नसेल तर सांगाडा करणाऱ्याला फीत दाखवा. सेक्शन पाच सेंटिमीटर इकडे-तिकडे घ्यायला त्याला त्या वेळी काहीच लागत नाही.

वायरी आणि उष्णता

ओळी गाळ्यांतून नेल्या की वायरिंगही सोपं होतं. एका गाळ्यातले सगळे दिवे एका सलग वायरीवर येतात, कडीत भोक पाडायची गरज फक्त एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना. म्हणून स्विचही ओळींप्रमाणे वाटा, गाळे ओलांडून नको. कडीतून वायर नेताना भोक कडीच्या उंचीच्या मध्यावर घ्या, म्हणजे वरून-खालून येणारा स्क्रू तिथपर्यंत पोहोचणार नाही.

गाळ्यात उष्णतारोधक थर असेल तर दिवा त्या थराला टेकवायला योग्य आहे का, हे खोक्यावर वाचा. तसा नसेल तर दिव्याभोवती किमान ७५ मिमी जागा मोकळी ठेवावी लागते. एलईडी असला तरी ड्रायव्हर कोंडलेल्या उष्णतेने लवकर जातो. जोडणी मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

काम झाल्यावर फीत फेकू नका. तिच्यावर खोलीचं नाव, कुठली भिंत डावी आणि कुठल्या बाजूने मोजलं ते लिहा, गुंडाळी करा आणि वितरण पेटीजवळ ठेवा. पुढे त्याच छतात पंख्याचा हूक, पडद्याची पट्टी किंवा आणखी एक दिवा लावायचा असेल तेव्हा कडी कुठे आहे हे शोधायला पुन्हा लोहचुंबक फिरवावं लागणार नाही.